नर्मदेचे गोटे आणि क्रशरची गिट्टी

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्यांचा फोन आला. "प्रभाताई, यंदा बागेवर लिहा ना काहीतरी. फुलं, हिरवळ. वाचून प्रसन्न वाटलं पाहिजे." मी म्हटलं, फुलांवर लिहिणारे तुमच्याकडे ढीगभर आहेत, मी गिट्टीवर लिहीन. छापायचं तर छापा, नाहीतर राहू द्या. पलीकडून "हां, चलेगा" असं आलं. तुम्ही हे वाचत असाल तर त्यांनी शब्द पाळला असं समजायचं.

अठ्ठावीस वर्षं मी उज्जैनमध्ये लोकांच्या अंगणात दगड टाकते आहे. घराभोवतीची मोकळी जागा लावून द्यायची, हा माझा धंदा. हल्ली त्याला लँडस्केपिंग म्हणतात आणि माझ्या कार्डावरही तेच छापलंय. माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत पाहुण्यांना सांगायच्या, "आमची प्रभा फुलझाडांचं बघते." गिट्टी हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. देशस्थांच्या घरातली सून ट्रॉलीवाल्याशी भांडते, मजुरांबरोबर उन्हात उभी राहते, हे त्यांना सांगायला जड जायचं. मजूर मला "गिट्टीवाली दीदी" म्हणतात. मला हे नाव कार्डावरच्या नावापेक्षा जास्त आवडतं, आणि मी ते लपवत नाही.

लोकांना वाटतं, यात काय मोठं? ट्रॉली बोलवायची, दगड ओतायचे, फावड्याने पसरायचे. असं करणारे आहेत, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांचे ग्राहक माझ्याकडे येतात. आमच्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर नुसती गिट्टी टाकली तर दोन महिन्यांत माती ती गिळून टाकते, वर चिखल तेवढा उरतो. म्हणून आधी वीतभर खणायचं, मुरूम भरून चांगला ठोकायचा, त्यावर पाणी जाईल पण गवत वर येणार नाही असं जाड कापड अंथरायचं, कडेला उभ्या विटा लावायच्या, आणि मग वर दोन बोटं गिट्टी. चार बोटं टाकली की चालताना पाय रुततात. लोक म्हणतात, "दीदी, थोडी और डाल दो ना." मी टाकत नाही.

दुसरी गोष्ट, दगड कोणता. क्रशरवर फोडलेल्या काळ्या गिट्टीला कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात आणि रस्ता पायाखाली हलत नाही. नदीचे गोल गोटे दिसायला देखणे, पण पायाखाली सरकतात. ते झाडाच्या बुंध्याशी किंवा पाण्याच्या कडेला ठेवायचे, वाटेवर टाकायचे नाहीत. पांढरी संगमरवरी खडी फोटोत छान दिसते, पण मे महिन्यात दुपारी तिच्याकडे डोळे उघडून बघता येत नाही. हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. मीच ते एकदा विसरले, त्याची ही हकिकत आहे, पण त्याआधी एक कडुनिंब.

धंद्यात मी नवी होते तेव्हा एका घरमालकाने अंगणात पूर्ण सिमेंट मागितलं. मधोमध जुना कडुनिंब. पानं पडतात, झाडून झाडून कंटाळा येतो, गिट्टीवर झाडू चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, झाडाला त्रास होईल. ते म्हणाले, "गोल जगह छोड़ देंगे ना." मला काम हवं होतं, मी मान डोलावली. बुंध्याभोवती परातीएवढं आळं सोडलं आणि बाकी सगळं बंद केलं. झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात निंब शेंड्याकडून वाळत आला आणि पुढच्या वर्षी कापावा लागला. ते गृहस्थ अजून फ्रीगंजच्या बाजारात भेटतात. एकदा भाजी घेताना म्हणाले, "मैडम, आपको तो पता था. आपको मना करना था." त्यांचं खरं होतं. त्यानंतर झाडाभोवती सिमेंट मागणाऱ्याला मी नाही म्हणते आणि निघून येते. त्यात कितीतरी कामं गेली आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

आता मालतीवहिनींचं अंगण.

नानाखेडा बसस्टँडच्या मागच्या कॉलनीत त्यांचं घर, आमची ओळख जुनी. त्यांचे यजमान शाळेत गणित शिकवायचे, सगळी गल्ली त्यांना सरच म्हणायची. घर बांधलं त्याच वर्षी सरांनी फाटकाच्या आत सोनचाफा लावला. सात वर्षं त्याला फूल नाही. लोक हसायचे, आणि सर म्हणायचे, विद्यार्थी जरा मंद आहे, पण पास होईल. आठव्या वर्षी फुललं तेव्हा वाटीत फुलं घेऊन ते दारोदार दाखवत फिरले होते. सर गेले त्याला आता सहा वर्षं झाली. वहिनी एकट्या असतात. त्यांचा मुलगा मंदार इंदूरला नोकरी करतो, शनिवार-रविवार येतो.

महाकालाच्या दर्शनाची गर्दी वाढली तशी गल्लोगल्ली लोकांनी घरात खोल्या काढून भाड्याने द्यायला सुरुवात केली. मंदारनेही वरच्या मजल्यावर तीन खोल्या केल्या आणि मला बोलावलं. "काकू, फाटकापासून दरवाजापर्यंत असं काहीतरी करा की पाहुण्यांनी आत पाऊल टाकलं की एकदम वाह म्हटलं पाहिजे."

मला ते वाह नडलं. माझा माल देणारा तेव्हाच बडवाहकडून नर्मदेचे गोटे घेऊन आला होता. अंड्याएवढे, गुळगुळीत, कोणी तपकिरी, कोणी करडे, काहींवर पांढरी रेघ. पाणी मारलं की असे चमकायचे की हातातून सोडवेना. ते वाटेवर सरकतात हे मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हटलं, खाली दगडाची बारीक चुरी दाबून बसवू, चालेल. माझा मिस्त्री कैलास गेली वीस वर्षं माझ्याबरोबर आहे. तो नुसता म्हणाला, "दीदी, रास्ते में?" मी म्हटलं, हो, रास्ते में. गेल्या वर्षी चैत्रात काम पूर्ण झालं, फाटकापासून दारापर्यंत अंगणभर गोटेच गोटे. मंदारने फोटो काढले, वाह म्हणाला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "फार सुंदर केलंत हो." मी खूश होऊन घरी गेले.

श्रावणात मंदारचा फोन. "काकू, तुमचा रस्ता लोक घरी घेऊन चाललेत."

मला वाटलं चेष्टा करतोय. जाऊन बघते तर वाटेत ठिकठिकाणी भोकं पडलेली. पावसाने धुऊन गोटे लखलखीत झाले होते, आणि निम्म्यांवर बेलाची पानं. दोन-चारांना कुंकू लागलेलं. सांगलीकडचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यातले आजोबा कडेच्या विटांवरून, चाफ्याला धरून धरून, तोल सावरत फाटकाकडे चालले होते. मी विचारलं, "आजोबा, मधून चाला ना, घसराल." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काही चुकीचं बोलले होते. म्हणाले, "बाई, बाणलिंगांवर पाय कसा द्यायचा? तेही रामघाटावरून आंघोळ करून आल्यावर?"

नर्मदेतला गोटा म्हणजे प्रत्यक्ष महादेव, त्याची प्राणप्रतिष्ठासुद्धा करावी लागत नाही, उचलून देवघरात ठेवला की पूजा सुरू. हे उज्जैनमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या स्वतःच्या देवघरात तसला एक आहे, रोज मी त्याला पाणी घालते. आणि इथे मी ट्रॉलीभर आणून पायाखाली पसरले होते. तुम्ही म्हणाल, कसं सुचलं नाही? नाही सुचलं. माझ्याकडे ते गोणीत येतात, गोणीवर आकाराचा नंबर असतो, आणि गोणीत आलेली वस्तू माझ्या डोळ्यांना माल दिसते. इतकी वर्षं एकच काम केलं की असं होतं. मी याचं समर्थन करत नाही, झालं तसं सांगते.

मग माझं लक्ष वहिनींच्या चपलांकडे गेलं. त्या मागच्या दाराशी होत्या. मागच्या दाराबाहेर अरुंद बोळ आहे, गटाराच्या कडेने जातो आणि लांबून वळसा घालून गल्लीत येतो. मी विचारलं, "वहिनी, चपला मागे का?" त्या म्हणाल्या, "असंच. तिकडून बरं पडतं." मी म्हटलं, गुडघे दुखतात तुमचे आणि तिकडून कसलं बरं पडतं? त्या पदराचं टोक हातात घेऊन बसल्या. शेवटी हळूच म्हणाल्या, "त्यांच्यावर पाय द्यायला होत नाही हो मला. तुम्ही इतकं मन लावून केलंत, म्हटलं कशाला बोला. चाफ्याला पाणी मी खिडकीतून नळी टाकून देते."

चार महिने. चार महिने ती बाई स्वतःच्या फाटकाने बाहेर पडली नव्हती, आणि चाफ्यापाशी उभी राहिली नव्हती, का तर मला वाईट वाटू नये म्हणून. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. रागही आला, वहिनींचा नाही, माझाच. काम हातात घेताना मी मंदारला पन्नास गोष्टी विचारल्या, आणि रोज त्या वाटेने जाणार कोण, हे विचारलं नाही.

मंदारने मात्र त्यातून आपला अर्थ काढला. "बस काकू, आता हे दगड-बिगड नको. सगळं सिमेंट करून टाकतो, फाटकापासून भिंतीपर्यंत. दोन गाड्या पण आत लावता येतील. चाफ्याला गोल जागा सोडू ना."

गोल जागा म्हटल्याबरोबर मला निंब आठवला. मी म्हटलं, "मंदार, चूक माझी आहे, चाफ्याची नाही. गोल जागा सोडून झाड जगत नाही. मी एक मारून बसले आहे, दुसरं मारणार नाही, आणि तुलाही मारू देणार नाही."

"काकू, जमीन आमची आहे ना पण."

"जमीन तुमची. पण बिघडवलंय मी आणि नीट मी करणार. मला तीन दिवस दे. माझ्या खर्चाने करते. त्यानंतर आवडलं नाही तर बोल."

वहिनी खिडकीतून चाफ्याकडे बघत होत्या. मंदार इंदूरला निघाला तेव्हा म्हणाला, "तीन दिन. फिर मैं अपने हिसाब से करूंगा." चिडला की तो हिंदीत बोलतो, लहानपणापासूनच.

दुसऱ्या दिवशी कैलास तगारी, म्हणजे घमेलं, आणि फावडी घेऊन आला. फावडं गोट्यांत घालणार तोच वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लोखंड नका लावू. हाताने उचलू." वाट फाटकापर्यंतची, तीस फूट लांब. कैलासने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या हातातलं फावडं घेऊन बाजूला ठेवलं. मग वहिनी कडेच्या विटेवर पाट टाकून बसल्या, मी खाली बसले, आणि एकेक गोटा उचलून टोपलीत ठेवायला लागलो. शेजारच्या दोघीतिघी बघायला आल्या आणि त्याही बसल्या. दुपारपर्यंत अंगणात सात-आठ बायका होत्या, कोणी उचलतंय, कोणी बादलीत धुतंय. मजूर लावून हे काम अर्ध्या दिवसाचं, आम्हाला दोन दिवस लागले. इतक्या हळू मी कधीच काम केलं नव्हतं.

टोपल्या भरल्यावर प्रश्न आला, आता यांचं करायचं काय. कैलास म्हणाला, "दीदी, शिप्राजी में छोड़ देते हैं. उसमें भी तो अब पाइप से नर्मदाजी का ही पानी आता है." बोलणं चुकीचं नव्हतं, पण वहिनींनी मान हलवली. "ज्यांचे आहेत त्यांच्याकडे पोचवायचे." मुदतीच्या तिसऱ्या दिवशी पहाटे पिकअपमध्ये टोपल्या चढवल्या आणि खेडीघाटावर जाऊन आम्ही ते नर्मदेत सोडले. वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून शेवटची टोपली स्वतः रिकामी करत होत्या. मी मनातल्या मनात नर्मदेची माफी मागितली. मी फारशी देवभोळी नाही, पण मागितली.

परत येऊन दुपारी, खालचा मुरूम आणि कापड होतंच, त्यावर क्रशरची काळी गिट्टी पसरली. डांबरी रस्त्याखाली घालतात ना, तीच, फक्त चाळून एकसारखी केलेली. ती खाणीत सुरुंगाने फुटते, यंत्रात भरडली जाते, तिला कोणी देव म्हणत नाही आणि तिच्यावर पाय द्यायला कोणाची ना नाही. मी तिला अठ्ठावीस वर्षं वापरते आणि तरी त्या चैत्रात देखण्या दगडांपुढे तिला विसरले. बुंध्याभोवती हातभर जागा मोकळी सोडली, तिथे पालापाचोळा टाकला. बाकी अंगणभर गिट्टी, म्हणजे पडेल ते पाणी सरळ मुळांकडे.

संध्याकाळी मंदार आला. फाटकातच थांबला. "काकू, ये तो रोड की गिट्टी है."

"हो, तीच आहे."

"पाहुणे काय म्हणतील?"

"पाहुणे महाकालाला येतात, तुझी गिट्टी बघायला नाही. आणि गाडी लावायची तर खुशाल लाव हिच्यावर, दबणार नाही."

तेवढ्यात वहिनी पुढच्या दारातून बाहेर आल्या. चपला घातल्या आणि करकर आवाज करत सरळ चाफ्यापाशी गेल्या. बुंध्यावर हात ठेवला. मंदार बॅग उचलून आत गेला. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपतंय. यंदा ज्येष्ठात सकाळी मी फ्रीगंजमध्ये पाइप बघत होते, तेव्हा कैलासचा फोन आला. तो त्याच कॉलनीत दुसऱ्या कामावर होता. "दीदी, सर के घर सीमेंट का मिक्सर आया है. भाभी कुर्सी डाल के बैठ गई हैं. आप आ जाओ." श्रावणाच्या गर्दीच्या आधी मंदारने ठेकेदार ठरवला होता. गाड्या लावताना गिट्टी टायरमध्ये अडकते, पाहुणे बॅगा ओढतात तर चाकं फिरत नाहीत, अशा त्याच्या तक्रारी होत्या. बॅगांचं खरं होतं, तेवढं मी मान्य करते.

मी रिक्षा करून पोचले. फाटकाबाहेर मिक्सर उभा. पाच मजूर भिंतीच्या सावलीत चहा पीत होते, चहा वहिनींनीच करून दिला होता. आणि वहिनी चाफ्याखाली गिट्टीवर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मंदार समोर उभा, घामाने निथळत. मी फाटकातूनच सुरुवात केली, "मंदार, मी तुला सांगितलं होतं की मी हे—"

वहिनींनी हात वर केला. "प्रभाताई, तुम्ही थांबा. मला बोलू द्या. मागच्या वेळी मी बोलले नाही, त्यात चार महिने गेले."

मी गप्प बसले. असं गप्प बसायची मला सवय नाही.

"मंदार, वर तू खोल्या केल्यास, मी काही म्हटलं नाही. रोज नवी माणसं घरात येतात, तरी काही म्हटलं नाही. बॅगांसाठी फाटकापासून जिन्यापर्यंत भिंतीच्या कडेने फरशीची एक पट्टी टाक, पायापुरती. बाकी सगळं असंच राहील. याला फुलं येतात तोवर मला तुझे बाबा घरात आहेत असं वाटतं. हे गेलं की मी खरंच एकटी होईन. ते मला चालणार नाही."

एवढं त्या एका सुरात बोलल्या, आवाज न चढवता. मंदारने माझ्याकडे बघितलं, मी काही मदत केली नाही. मग तो म्हणाला, "आई, अशी किती वेळ बसणार आहेस?"

"त्या गाडीला किती वेळ आहे त्यावर आहे."

ठेकेदाराच्या माणसाने कप खाली ठेवला आणि मंदारला विचारलं, "भैया, क्या करना है?" मंदारने रुमालाने घाम पुसला आणि म्हणाला, "ले जाओ. कल थोड़ी फर्शी लेकर आना." मिक्सर मागे घ्यायला गल्लीत जागा नव्हती, ते सगळं वळवून बाहेर काढायला अर्धा तास लागला. तोवर वहिनी उठल्या नाहीत.

मी जवळ गेले. आता त्या रडतील असं वाटलं. त्या खाली वाकून खुर्चीचे पाय बघत होत्या. म्हणाल्या, "प्रभाताई, इथे गिट्टी जरा कमी पडलीये. खुर्ची डुगडुगते. एक तगारी अजून टाकून द्या."

दोन बोटांच्या वर मी कोणालाच टाकून देत नाही. त्यांना मी टाकून दिली, माझ्या हाताने, आणि पायाने दाबून बसवली.